माझगावचा क्वान कुंग: पराभूत सेनापतीचे देऊळ

मुंबईतील माझगाव भागात, डॉकयार्ड रोड स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या नवाब टँक रोडवर, १९१९ साली बांधलेली दुमजली इमारत आहे. बाहेरून ती गोदीच्या परिसरातील कोणत्याही जुन्या घरासारखीच दिसते; परंतु ते चिनी समाजाचे देऊळ असून त्याच्या वरच्या मजल्यावर क्वान कुंग या योद्ध्याची पूजा होते. हा योद्धा पुराणकथेतला नाही. ग्वान यू या नावाचा हा सेनापती इसवी सन २२० च्या आरंभी, म्हणजे दख्खनेत सातवाहनांची सत्ता मोडकळीस येत होती आणि सोलापूरच्या उत्तरेचे तेर हे त्यांच्या काळातील प्रसिद्ध व्यापारी नगर उतरणीला लागले होते त्याच सुमारास, मध्य चीनमध्ये शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. रणांगणावर हरलेल्या आणि ज्याच्या हट्टामुळे त्याच्या स्वामीचा एक अख्खा प्रांत हातचा गेला अशा सेनापतीला पुढे सम्राटांनी दैवी पदव्या दिल्या, भिक्षूंनी मठाचा रक्षक केले, व्यापाऱ्यांनी वहीखात्यांचा साक्षीदार मानले आणि खलाशांनी समुद्र ओलांडून माझगावपर्यंत आणले. माझगावचे देऊळ या सतराशे वर्षांच्या परंपरेचे एक टोक आहे, आणि ते नीट समजून घ्यायचे तर आरंभ दुसऱ्या टोकापासून करावा लागतो.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस चीनमधील हान साम्राज्य आतून पोखरले गेले होते. दरबारात खोजे आणि राजमातांचे नातलग यांची रस्सीखेच चालू होती, गावोगावचा शेतकरी करांनी आणि दुष्काळांनी पिचला होता, आणि १८४ साली डोक्याला पिवळी फडकी बांधलेल्या बंडखोरांनी उठाव केला तेव्हा तो मोडण्यासाठी ठिकठिकाणच्या सरदारांना स्वतःची सैन्ये उभारण्याची मोकळीक मिळाली. बंड मोडले, पण सैन्ये घरी परतली नाहीत. या धामधुमीत उत्तरेकडील चुओ येथे राजवंशाशी दूरचे नाते सांगणारा ल्यू पेइ हा माणूस जमवाजमव करत असताना दोन तरुण त्याला येऊन मिळाले. एक होता चांग फेइ आणि दुसरा शान्शी प्रांतातील श्ये गावचा, तेथून परागंदा झालेला ग्वान यू. तिसऱ्या शतकातील इतिहासकार चेन शौ याने ‘तीन राज्यांचा इतिहास’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे की हे तिघे एकाच शय्येवर झोपत आणि सख्ख्या भावांसारखे वागत. मात्र भर सभेत ग्वान यू आणि चांग फेइ दिवसभर ल्यू पेइच्या मागे अदबीने उभे राहत. पीच वृक्षांच्या बागेत तिघांनी एकाच दिवशी मरण्याची शपथ घेतल्याचा प्रसिद्ध प्रसंग चेन शौच्या ग्रंथात नाही. तो पुढच्या काळातील कथाकारांनी या एका ओळीतून फुलवला.

इसवी सन २०० मध्ये ल्यू पेइचा पराभव झाला आणि ग्वान यू त्याचा प्रबळ प्रतिस्पर्धी त्साओ त्साओ याच्या कैदेत पडला. त्साओ त्साओने त्याला मानमरातब दिले, सेनापतिपद दिले आणि त्याचे मन वळवण्यासाठी माणूसही पाठवला. ग्वान यूने सांगितले की उपकारांची जाणीव आहे, पण ल्यू पेइला दिलेला शब्द मोडता येणार नाही, म्हणून उपकारांची फेड करूनच निघून जाईन. लौकरच झालेल्या लढाईत त्याने शत्रुसेनेत घोडा घातला, येन ल्यांग या सेनापतीला हजारो सैनिकांच्या देखत ठार केले आणि त्याचे शिर घेऊन तो परतला. त्यानंतर मिळालेल्या साऱ्या भेटवस्तू मोहोरबंद करून, निरोपाचे पत्र मागे ठेवून तो आपल्या जुन्या धन्याकडे निघाला; पाठलाग करण्याची परवानगी मागणाऱ्या सरदारांना त्साओ त्साओने थांबवले. शत्रूकडूनही आदर मिळवणारी निष्ठा हा ग्वान यूच्या पुढील सर्व कीर्तीचा पाया असून तो दस्तऐवजात पक्का आहे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चेन शौचा ग्रंथ भाटगिरी करत नाही, हे त्याचे मोल. ग्वान यूच्या डाव्या हाताला विषारी बाण लागला होता आणि पावसाळी हवेत हाड ठणके, तेव्हा वैद्याने हात चिरून हाडावरचे विष खरवडून काढले. रक्ताने भांडे भरत असताना ग्वान यू सोबत्यांबरोबर मांस खात, मद्य पीत आणि हसत बोलत बसला होता, असे तो सांगतो. पुढील कादंबरीकाराने या निनावी वैद्याच्या जागी ह्वा तुओ या प्रख्यात शल्यवैद्याला बसवले, ज्याला त्साओ त्साओने त्या प्रसंगाच्या कितीतरी वर्षे आधीच मारवले होते. हाच चेन शौ पुढे असेही नोंदवतो की ग्वान यू शिपायांशी ममतेने वागे आणि विद्वान अधिकाऱ्यांना तुच्छ लेखी, आणि हा ताठाच अखेर त्याला नडला. यांगत्से नदीच्या खोऱ्यातील जिंगचौ हा मोक्याचा प्रांत त्याच्या ताब्यात होता. पूर्वेकडील वू राज्याचा शासक सुन छ्वान याने आपल्या मुलासाठी ग्वान यूच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा त्याने दूताला अपमान करून परत पाठवले.

२१९ च्या शरद ऋतूत त्याने उत्तरेकडे फानचंग या तटबंदीच्या नगराला वेढा घातला. अतिवृष्टीने हान नदीला पूर आला, त्साओ त्साओने पाठवलेली कुमक पाण्यात सापडली आणि तिचा सेनापती शरण आला. राजधानी हलवावी की काय अशी चर्चा शत्रूच्या दरबारात सुरू झाली. ग्वान यूच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे सापळा रचला जात होता. वूचा सेनापती ल्यू मंग आजारपणाचे निमित्त करून बाजूला झाला, त्याच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याने ग्वान यूला स्तुतिपर पत्रे लिहिली, आणि निर्धास्त झालेल्या ग्वान यूने जिंगचौमधील शिबंदी काढून वेढ्यावर नेली. मग वूचे सैनिक व्यापारी नौकांच्या तळाशी दडून नदीने वर सरकले. वल्ही मारणाऱ्यांनी व्यापाऱ्यांचे पांढरे कपडे घातले होते. जिंगचौ फारसा प्रतिकार न होता पडले. ल्यू मंगने ग्वान यूच्या शिपायांच्या घरच्यांना त्रास तर दिला नाहीच, उलट धान्य आणि औषधे पुरवली. ही बातमी छावणीत पोहोचताच शिपाई एकेक करून घरची वाट धरू लागले. मूठभर स्वारांनिशी निसटू पाहणारा ग्वान यू आणि त्याचा मुलगा ग्वान फिंग हे दोघे पकडले जाऊन मारले गेले. शिर त्साओ त्साओकडे पाठवण्यात आले आणि त्याने ते सरदाराच्या इतमामाने लोयांगजवळ पुरले. धड दांगयांग येथे राहिले. आज दोन्ही ठिकाणी समाध्या आहेत.

दांगयांगच्या परिसरात अकाली, अन्यायाने मेलेल्या या योद्ध्याचा आत्मा भटकतो, तो शांत करावा लागतो, अशी समजूत रूढ झाली. पूजेची सुरुवात भक्तीतून झाली नसून भीतीतून झाली, हे सांगण्यात कमीपणा नाही, कारण दख्खनेलाही हे अपरिचित नाही. सोलापूर जिल्ह्यातच गावोगावी देवळाच्या आवारात किंवा वेशीवर वीरगळ दिसतात: सर्वांत खालच्या पट्टीत गुरे राखताना किंवा गाव राखताना पडलेला वीर, मधल्या पट्टीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. दगडातला हा वीर बहुधा निनावी राहिला आणि त्याची सत्ता गावाच्या शिवेपलीकडे गेली नाही. राजाचा देव झाल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण सिंधुदुर्ग किल्ल्यावरील शिवराजेश्वर मंदिराचे. १६९५ च्या सुमारास छत्रपती राजारामांनी उभारलेल्या या मंदिरात शिवछत्रपतींची मूर्ती पूजेत आहे. पण तेही एका किल्ल्यावरचे, एका घराण्याच्या स्मृतीचे मंदिर. चीनमध्ये मात्र देवत्व ही राज्यसंस्थेच्या अखत्यारीतील बाब होती: सम्राट देवाला पदवी देई, चांगल्या कामगिरीबद्दल बढती देई, प्रसंगी यादीतून नावही काढून टाकी, आणि ग्वान यूची चढती कमान याच व्यवस्थेतून घडली.

पहिले पाऊल बौद्धांनी टाकले. सहाव्या शतकाच्या अखेरीस त्यन-थाय पंथाचा प्रवर्तक भिक्षू चर-ई दांगयांगजवळच्या यूछ्वान डोंगरावर मठ बांधू लागला, तेव्हा ग्वान यूच्या आत्म्याने त्याला दर्शन दिले, दीक्षा घेतली आणि मठाच्या रक्षणाचे काम पत्करले, अशी आख्यायिका पुढे प्रचलित झाली. तांग राजवटीच्या लष्करी देवालयात आठव्या शतकात त्याला स्थान मिळाले ते चौसष्ट सेनापतींपैकी एक म्हणून. मुख्य देवता निराळीच होती. कलाटणी मिळाली सोंग काळात. ग्वान यूचे मूळ गाव श्ये हे मोठ्या खाऱ्या सरोवराच्या काठी वसलेले, आणि मीठ म्हणजे सरकारी तिजोरीचा मोठा आधार. सरोवराचे उत्पन्न बिघडले तेव्हा तो एका दैत्याचा उपद्रव ठरला आणि ताओ पंथाच्या आचार्याने त्याच्या निवारणासाठी ग्वान यूला पाचारण केले, अशी कथा रचली गेली. सम्राट ह्वीत्सुंग याने ११०२ पासून दोन दशकांत त्याला आधी उच्च सरदाराची आणि मग राजाची पदवी दिली. मिठाच्या व्यापारावर गबर झालेले शान्शीचे व्यापारी जेथे जेथे पेढी उघडत, तेथे आपल्या गावच्या या देवाला सोबत नेत. परक्या शहरात उधारीवर माल देणाऱ्याला शब्द न मोडणारा साक्षीदार हवा असतो. ग्वान यूचे धनदेवता होणे वरवर विचित्र वाटते, पण त्याचे कारण इतके व्यवहारी आहे.

नाटकांनी आणि कथाकथनाने त्याचे रूप ठरवले: लाल चेहरा, छातीपर्यंत रुळणारी दाढी, हिरवा झगा, चंद्रकोरीच्या आकाराचे लांब दांड्याचे पाते आणि लाल घोडा. चौदाव्या शतकातील ल्वो ग्वानचुंग याच्या नावे असलेली ‘तीन राज्यांची कथा’ ही कादंबरी सोळाव्या शतकात छापून निघाली आणि ग्वान यू घरोघर पोहोचला. १६१४ मध्ये मिंग सम्राट वान्ली याने त्याला थेट सम्राटपद देऊन टाकले. त्यानंतर चीन जिंकणाऱ्या मांचूंनी, खरे तर परकीय असूनही, हा देव सोडला नाही, उलट अधिक जवळ केला; ज्यांना कोट्यवधी परक्या प्रजेकडून निष्ठा हवी होती त्यांना निष्ठेचा देव नकोसा होण्याचे कारण नव्हते. १७२५ पासून जिल्ह्याजिल्ह्यात त्याची सरकारी पूजा ठरली आणि १८७९ पर्यंत पदव्या वाढत वाढत त्याचे अधिकृत नाव सव्वीस अक्षरांचे झाले.

त्याच्या मूळ गावचे देवालय या सम्राटपदाचे स्थापत्यातील रूप आहे. परंपरेने त्याची स्थापना ५८९ सालची मानतात. १७०२ च्या आगीनंतर ते पुन्हा उभारले गेले. चिनी मंदिराची रचना आपल्याकडील गर्भगृह आणि शिखर यांच्या रचनेहून मुळात वेगळी असते: उंची शिखराने दाखवली जात नाही, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या एका सरळ अक्षावर दारे, अंगणे आणि सभागृहे एकामागून एक मांडून खोलीने दाखवली जाते. श्ये येथील पुढचा भाग दरबारासाठी आणि मागचा भाग निवासासाठी आहे, म्हणजे मांडणी देवळाची असली तरी नमुना राजवाड्याचा. मुख्य सभागृहाभोवती दगडी खांबांची ओळ असून सव्वीस खांबांवर वेटोळे घातलेले ड्रॅगन कोरलेले आहेत. ड्रॅगन हे सम्राटाचे चिन्ह. भार पेलतो तो लाकडी सांगाडा, भिंती केवळ आडोसा करतात. खांब आणि छप्पर यांच्यामध्ये एकमेकांत अडकवलेल्या आडव्या-उभ्या ठोकळ्यांचे थर असतात, ज्यांना तोउकुंग म्हणतात, आणि तेच छपराचे वजन वाटून खाली आणतात व छज्जा भिंतीच्या पुष्कळ पुढे नेतात. हेमाडपंती देवळाचे चिरे जसे चुन्यावाचून केवळ खाचा-कुसवांनी बसतात, तशीच ही सुतारकामातली युक्ती आहे. मागील बाजूस असलेल्या ‘वसंत-शरद मनोऱ्या’च्या वरच्या मजल्याचे बाहेरील खांब जमिनीपर्यंत येतच नाहीत, ते हवेत लोंबकळत राहतात, खालच्या टोकाला कमळे कोरलेली असतात आणि भार आतील तुळयांवर जातो. त्या मजल्यावर ग्वान यू हातात शस्त्र न घेता इतिहासाचा ग्रंथ वाचत बसला आहे. विद्वानांना तुच्छ लेखणाऱ्या माणसाला वाचक करून बसवणाऱ्यांनी चेन शौचा आक्षेप मोठ्या खुबीने पुसून टाकला, असे म्हटले पाहिजे.

या भव्यतेतून माझगावच्या घरगुती देवळापर्यंतचा रस्ता दक्षिण चीनमधून जातो. पर्ल नदीच्या मुखाच्या नैर्ऋत्येस शिनहुई, तायशान, खायफिंग आणि एनफिंग असे चार परगणे आहेत; कँटनी बोलीत त्यांना मिळून सी यप म्हणतात. जमीन डोंगराळ, माणसे फार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तायफिंग बंड, स्थानिक उठाव आणि हक्का लोकांशी झालेली दीर्घ यादवी यांनी हा टापू होरपळून निघाला, आणि त्याच सुमारास परदेशाचे दरवाजे उघडले. या दरवाजांशी मुंबईचा संबंध जवळचा होता. अठराव्या शतकापासून मुंबई बंदरातून कच्चा कापूस आणि नंतर माळव्याची अफू कँटनला जात होती. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातून उभी राहिली. अफूवरून पेटलेल्या युद्धाचा शेवट ज्या तहाने झाला, तो नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर झाला, आणि हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधले होते. तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, पाच बंदरे खुली झाली, आणि पुढे सी यपचे तरुण सोन्याच्या शोधात कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियाकडे लोटले. मेलबर्नमध्ये १८६६ साली आणि सिडनीत १८९८ साली त्यांनी बांधलेली देवळे आजही आहेत, आणि दोन्ही ग्वान यूची आहेत.

मुंबई इलाख्यात त्याआधीही चिनी माणसे आली होती, पण स्वखुशीने नव्हे. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत एक तुरुंग होता आणि त्यात मलाक्काच्या बाजूच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेले चिनी व मलायी कैदी ठेवले जात. तेथील बागाईत, बटाट्याची लागवड आणि वेताच्या विणकामात त्यांचा हात होता. माझगावचे चिनी मात्र वेगळ्या वाटेने आले. वाफेच्या जहाजांचा काळ सुरू झाल्यावर इंजिनखोलीत कोळसा घालायला, जहाजांची डागडुजी करायला आणि सुतारकामाला माणसे लागत, आणि कँटनी सुतार व फिटर या कामात नावाजलेले होते. माझगावला गोद्या होत्या, बोटी दुरुस्तीला येत, आणि खलाशाला एका जहाजावरून उतरून दुसरे मिळेपर्यंत आठवडे किंवा महिने काढायचे असत. शुक्लाजी स्ट्रीट आणि माझगाव या भागांत त्यामुळे चिनी वस्ती वाढली.

अशा माणसाला तीन गोष्टी लागत: अंग टाकायला जागा, घरी पैसे व पत्र पोचवणारा विश्वासू माणूस, आणि परमुलखात मेल्यास विधिपूर्वक माती देणारे कोणीतरी. चीनमध्ये एका गावच्या वा परगण्याच्या परगावी राहणाऱ्या लोकांनी चालवलेल्या भवनांची जुनी प्रथा होती. त्यांत धर्मशाळा, पंचायत आणि देऊळ ही तिन्ही एकत्र असत. माझगावचे सी यप कून, म्हणजे चार परगण्यांचे भवन, याच प्रथेतले आहे. कलकत्त्याच्या चिनी वस्तीतही अशी परगणावार भवने आहेत, आणि तेथील लोक त्यांना सरसकट ‘चर्च’ म्हणतात. तुंग ऑन आणि नाम सून या तेथील दोन देवळांत ग्वान यूच मुख्य आहे.

भवनाचा हा हेतू लक्षात घेतला की माझगावच्या इमारतीचे रूप आपोआप उलगडते. अंगणांची रांग नाही, ड्रॅगनचे दगडी खांब नाहीत, वळणदार छज्जे नाहीत; मुंबईतील जागेत आणि खलाशांच्या वर्गणीत ते बसणारेही नव्हते. श्ये येथे जो अक्ष जमिनीवर आडवा पसरला आहे तो येथे जिन्याने उभा झाला आहे. खाली माणसांची वस्ती, वर देवता, आणि क्वान कुंग वरच्या मजल्यावर. त्याच इमारतीत क्वान यिन ही करुणेची देवीही आहे. भारतीय वाचकाला ही देवी अनोळखी नाही, कारण अजिंठ्याच्या भिंतीवर पद्म हाती घेऊन उभा असलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर हाच चीनला जाऊन कालांतराने स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. समुद्रावरच्या माणसाने संकटात हाक मारायची ती तिला, आणि किनाऱ्यावरच्या करारमदारात साक्षीला ठेवायचे ते क्वान कुंगला, अशी ही वाटणी आहे.

पूजेचा प्रकार साधा आहे. उदबत्त्या लावायच्या, फळे आणि चहा ठेवायचा, आणि काही विचारायचे असेल तर बांबूच्या नळकांड्यातील क्रमांक घातलेल्या काड्या गुडघ्यावर बसून हलवायच्या. जी एक काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकाचा भविष्यलेख पाहायचा. कौल लावण्याची ही रीत कोकणातील माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. पुरोहितवर्ग नाही, देखभाल समाजातीलच कुटुंब करते. चिनी नववर्षाच्या रात्री, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, एरवी शांत असणाऱ्या या इमारतीत गर्दी होते आणि कागदी नोटा पूर्वजांच्या नावे जाळल्या जातात.

देऊळ बांधले गेले त्या १९१९ सालीच, ४ मे रोजी, पेकिंगच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले. व्हर्सायच्या तहातील अन्यायाविरुद्ध सुरू झालेल्या त्या चळवळीने जुन्या रूढी, जुनी भाषा आणि देवळे यांच्यावरही हल्ला चढवला. राजेशाही १९१२ मध्येच संपली होती, त्यामुळे पदव्या देणारा सम्राटही उरला नव्हता. तरी १९२८ मध्ये राष्ट्रवादी सरकारने कोणती देवस्थाने ठेवावीत आणि कोणती मोडावीत याचे निकष ठरवले, तेव्हा ग्वान यू राखून ठेवलेल्यांच्या यादीत होता. त्याला खरा फटका बसला तो १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत. त्या दशकात चीनमध्ये असंख्य मूर्ती फोडल्या गेल्या, आणि स्थलांतरितांनी परदेशी नेलेली साधी देवळे तेवढी निर्धास्त राहिली.

चिनी समाजाशी मुंबईचे संबंध स्नेहाचे होते तो काळ सोलापूरच्या इतिहासाशी जोडलेला आहे. जपानने १९३७ मध्ये चीनवर पूर्ण आक्रमण केल्यानंतर काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले, परळच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि पथकाचे दुसरे मराठी सदस्य होते नागपूरचे डॉ. चोळकर. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेले हे पथक कँटनला उतरले, म्हणजे माझगावच्या सी यप लोकांच्या मुलखाच्या उंबरठ्यावर. पुढच्याच महिन्यात ते शहर जपान्यांनी घेतले. कोटणीस येनानमार्गे उत्तरेकडील शान्शी-चाहार-हपेइ या सीमाप्रदेशात गेले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. शीज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. पितरांच्या स्मरणाच्या चिंगमिंग सणाला तेथे फुले वाहिली जातात. देवळे बंद करणाऱ्या राजवटीलाही निष्ठेने मेलेल्या माणसांचे स्मरण करण्याची जुनी रीत सोडता आली नाही, आणि त्या रीतीत सोलापूरचा एक डॉक्टर सामावला गेला, हे ग्वान यूच्या इतिहासाला जोडूनच वाचले पाहिजे. कोटणीसांना कोणी देव केले नाही. परंतु परक्याने दिलेला शब्द पाळून प्राण ठेवला, ही त्यांच्या आदरामागची भावना चिनी मनाला शतकानुशतके ठाऊक होती.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी सीमेवर युद्ध पेटले आणि महिन्याभरात थांबले; भारतातील चिनी समाजावर त्याचे जे परिणाम झाले ते मात्र थांबले नाहीत. परकीयांविषयीचे कायदे कडक करण्यात आले. प्रामुख्याने आसाम आणि बंगालमधून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत भारतात जन्मलेल्या मुलाबाळांसह, राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले आणि काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. मुंबईतील चिनी कुटुंबांवरही पोलिसांकडील नोंदणीचे, प्रवासासाठी परवानगीचे आणि संशयाचे सावट आले. सोलापुरात कोटणीसांचे नाव अभिमानाने घेतले जात होते त्याच वर्षांत माझगावचे लोक सामान बांधून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँगची वाट धरत होते. जे राहिले ते उपाहारगृहे, दंतवैद्यक, केशभूषा, चपला-बूट अशा धंद्यांत स्थिरावले. जहाजांवरची नोकरी सुटली, म्हणून भवनाचा धर्मशाळेचा उपयोग संपला. वस्ती पांगली, म्हणून पंचायतीचाही संपला. उरले ते देऊळ.

सरकारी कृती म्हणून देवळीच्या छावणीचा बचाव करता येणार नाही, आणि त्याबद्दल आजवर अधिकृत दिलगिरीही व्यक्त झालेली नाही. सोलापूर महानगरपालिकेने भैया चौकातील कोटणीसांच्या घराचे स्मारक केले, ते २०१२ मध्ये खुले झाले, आणि चीनमधून येणारी शिष्टमंडळे तेथे आवर्जून जातात. त्या मानाने माझगावच्या भवनाकडे महाराष्ट्रातील इतिहास संशोधकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. शंभर वर्षे उलटून गेलेल्या या इमारतीतील चिनी लेख आणि फलक वाचून, छायाचित्रांसह मराठीत प्रसिद्ध करण्याचे काम विद्यापीठांनी किंवा इतिहास संशोधन मंडळांनी हाती घ्यावे. कँटनी आणि मराठी दोन्ही जाणणारी वडीलधारी माणसे या शहरात अजून आहेत, तोवरच ते नीट होईल.